सरदार फितूर होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

तवंदीघाट · शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, आज जे झालं त्यावर झोप लागेलसं वाटत नाही, म्हणून धागा काढतोय.

मिडीव्हल टू खेळतोय. राज्य वाढवायचा, लढायचा २००६ चा जुना गेम आहे, माहीत आहे, पण माझ्या लॅपटॉपवर त्याच्या पुढचं काही चालत नाही. पोर्तुगाल घेतलाय. (गोवा जवळ म्हणून. दुसरं कारण नाही.) पोर्तुगालला सुरुवातीला दोनच गावं मिळतात, लिस्बन आणि पाम्प्लोना, आणि मध्ये सगळा स्पेन. म्हणजे घर निपाणीत आणि शेत खानापुरात. तरी चिकाटीनं स्पेन गिळला, कोर्डोबा घेतलं, समुद्र ओलांडून मूर लोकांना अल्जियर्सपर्यंत रेटत नेलं. हे सगळं केलं एकट्या फर्नांडोनं. घराण्यातला नव्हे, बाहेरून वर आलेला सरदार, पण काय लढायचा! त्याला अल्जियर्सलाच ठेवला. चांगली भरलेली फौज, पूर्ण वीस पलटणी. तीसेक टर्न (खेळी) तिथंच होता बिचारा.

आज राजा म्हातारपणानं गेला. पोरगा गादीवर आला. मी एन्ड टर्न दाबलं, चहा ठेवायला उठलो, येऊन बघतोय तर अल्जियर्सवर दुसराच झेंडा. फर्नांडो, फौज, शहर, सगळं बंडखोरांत. चहा उतू गेला ते वेगळंच.

बायको आतून म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "फर्नांडो गेला." ती म्हणे, "तुमच्या ऑफिसातला का?"

तर प्रश्न असा, की सरदारांचं इमान तुम्ही कसं सांभाळता? माझा अंदाज, अल्जियर्स राजधानीपासून लांब पडलं म्हणून हे झालं. बरोबर आहे का? कुठलाही गेम चालेल, अनुभव सांगा.

कुंदा_पाव_किलो · शनिवार, रात्री ११:५८

फर्नांडोला भावपूर्ण श्रद्धांजली. दहाव्याला बोलवा.

संकेश्वरी_मिरची · रविवार, रात्री १२:२०

तवंदी, तू दोन गोष्टींची खिचडी केलीयस.

राजधानीपासूनच्या अंतराचा दंड बसतो शहराला, सरदाराला नव्हे. शहराची शांतता वेगळी, सरदाराची लॉयल्टी वेगळी. शहर उठतं ते कर जास्त, धर्म वेगळा, शिबंदी कमी, घाण वाढलेली आणि राजधानी लांब, या सगळ्याची बेरीज उणे गेली म्हणून. त्यात प्रजा उठते. तुझ्याकडे प्रजा उठलीच नाही, तुझा माणूस उठला. तो शहरात बसलेला होता, म्हणून शहर त्याच्याबरोबर गेलं.

सरदार फिरतो तो त्याच्या स्वतःच्या स्वभावानं आणि राजाच्या वजनानं. राजाचा स्क्रोल, म्हणजे माहितीचं पान, उघड. तिथं लॉयल्टीच्या जागी ऑथॉरिटी असते. म्हातारा राजा वीस लढाया मारलेला, त्याचा दरारा होता. नवं पोरगं लिस्बनला बसून गव्हर्नरकी करत वाढलं असणार, त्याची ऑथॉरिटी एक किंवा दोन. राजा बदलला त्या टर्नला सगळ्या सरदारांचे आकडे खाली येतात. फर्नांडोचे मुळातच कमी असणार.

आता खरं सांग. तीस टर्नमध्ये त्याचा स्क्रोल किती वेळा उघडून बघितलास?

तवंदीघाट · रविवार, रात्री १२:३१

शून्य वेळा. 😐

लढाईतल्या कौशल्याचे, म्हणजे कमांडचे तारे बघत होतो फक्त. आठ होते त्याचे.

खानापुरी_करवंद · रविवार, रात्री १२:४०

मी काय करूलालोय सांगू? ज्याची लॉयल्टी दोन-तीनच्या खाली गेली, त्याची फौज काढून घ्यायची नि त्याला एकट्याला मंगोलांपुढं सोडायचं. लढून मेला तर इमानदार, जिंकला तर आपलाच फायदा. भांडण नाही, तंटा नाही.

मार्कंडेय_काठ · रविवार, सकाळी ७:१५

करवंद भाऊ, मंगोल यायच्या आधी काय करता मग? तोपर्यंत निम्मा डाव संपतो. 😄

फौज काढून घेणं मात्र बरोबर. बिनफौजेचा सरदार फितूर झाला तरी चार-दोन घोडेस्वार घेऊन रानात उभा राहतो, दुसऱ्या टर्नला उचलता येतो. बंड कसं टाळायचं हा प्रश्न मी सोडूनच दिलाय. झालं तर किती स्वस्तात पडेल एवढंच बघतो.

मागावरची_बाई · रविवार, सकाळी ९:०५

सगळ्यांचा सगळा विचार मारण्याचा किंवा फौज काढण्याचा. त्याला कधी काही दिलंत का?

मी क्रुसेडर किंग्ज थ्री खेळते. तिथं हा प्रश्नच गेमचा गाभा आहे, कारण सरदार नुसता नोकर नसतो. त्याची स्वतःची जमीन असते, पोरं असतात, राग असतो. मी १०६६ च्या सुरुवातीला कल्याणीचे चालुक्य घेऊन बसलेय. (घरातले म्हणतात, शहापुरात राहून हे काय. म्हटलं, शहापूरही त्यांचंच होतं तेव्हा.) त्यात मांडलिक एकत्र येऊन गट करतात. कुणाला स्वातंत्र्य हवं असतं, कुणाला गादीवर दुसरा माणूस. गटाचं लष्करी बळ तुमच्या बळाच्या तुलनेत वाढलं की असंतोषाचा काटा चढत जातो आणि शेवटी निर्वाणीचं पत्र येतं. मान्य करा, नाहीतर युद्ध.

माझे अनुभवाचे बोल. सगळ्यात ताकदवान मांडलिकाला मंत्रिमंडळात जागा द्या, तो नालायक असला तरी. जागा मोजून पाच, आणि नेमके ताकदवान असतात सात. इथंच खरी गंमत आहे. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी मुलगी द्यायची, कारण सोयरीक जुळून तह झालेला मांडलिक तुमच्याविरुद्धच्या गटात शिरत नाही. दुसऱ्याचं एखादं गुपित हेरायचं आणि मुठीत ठेवायचं. आणि नवा राजा बसला की पहिली काही वर्षं कुणाशी लढाई उकरायची नाही. सगळे त्याला जोखत असतात.

तवंदी, तुमच्या नव्या राजाला फर्नांडोनं जोखलं आणि बेत ठरवला. त्याची चूक काय?

कुंदा_पाव_किलो · रविवार, सकाळी ९:२०

पाच जागा आणि सात ताकदवान यावर आमच्या गल्लीच्या गणेश मंडळानं केव्हाच तोडगा काढलाय. एक अध्यक्ष, अकरा उपाध्यक्ष, नऊ सहखजिनदार. कार्यकारिणी चाळीस जणांची आणि वर्गणी देणारे पस्तीस. आजवर एकही बंड नाही.

खजिनदार मात्र एकच ठेवा.

संकेश्वरी_मिरची · रविवार, सकाळी ९:३४

मंडळात फुटून दुसरं मंडळ निघतं, त्याला काय म्हणतात मग?

कुंदा_पाव_किलो · रविवार, सकाळी ९:३६

त्याला नवसाचा गणपती म्हणतात.

हॉस्टेल_रूम_बारा · रविवार, सकाळी ११:४८

आत्ता उठलो. थ्री किंगडम्स या गेममधला माझा किस्सा ऐका आणि हसू नका.

त्यात लॉयल्टीऐवजी समाधान असतं. अधिकारी जसजसा वरच्या पायरीवर चढतो तसतशी त्याला मोठी जागा हवी होते, नाही दिली की समाधान घसरतं आणि तो राजीनामा देऊन चालता होतो. म्हणजे तुम्ही त्याला जितका वापरता तितका तो महाग होत जातो. घोडा, तलवार असलं काही भेट दिलं की थोडे दिवस गप्प.

तर एक अधिकारी आपणहून नोकरी मागायला आला. आकडे भारी, समाधान भारी, कधी काही मागणार नाही. म्हटलं, देव पावला. त्याला सेनापती केलं, सीमेवरचं गाव दिलं, मेसच्या रांगेत रूममेटला त्याचं कौतुक सांगितलं. पंधरा टर्नांनी कळलं की तो शेजाऱ्याचा हेर होता. फौज घेऊन गेलाच, जाताना गावही घेऊन गेला.

मार्कंडेय_काठ · रविवार, दुपारी १२:०२

कधी काही न मागणाऱ्या माणसाला भ्यायला पाहिजे, हे हॉस्टेलात कळत नाही. नोकरीला लागलास की कळेल.

जुना_कॅम्प · रविवार, दुपारी १:३०

रोम टू या गेमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१३ ला आला तेव्हा त्यातली यादवी म्हणजे नुसती डोकेदुखी होती, काय केल्यानं आली नि काय केल्यानं टळली असती, काही कळायचं नाही. २०१७ च्या शेवटी राजकारणाचा भाग नव्यानं बांधला तेव्हा अर्थ लागला. आता दरबारातल्या प्रत्येक पक्षाची निष्ठा वेगळी दिसते. ती तळाला गेली की तो पक्ष फुटतो, आणि त्याचे सेनापती ज्या फौजांवर असतील त्या फौजा, त्याच्याकडचे प्रांत, सगळं त्याच्याबरोबर जातं.

एकदा हे ध्यानात आलं की मग उलटा डाव खेळता येतो. ज्या पक्षावर भरवसा नाही, त्याच्या सेनापतींना फौज द्यायची, पण भुक्कड द्यायची आणि तीसुद्धा आपल्या मुलखाच्या पोटात ठेवायची. चारी बाजूंनी आपल्या पक्क्या फौजा. मग त्यांना मुद्दाम डिवचायचं. फुटले की दोन टर्नांत खेळ खलास, पुढची पन्नास वर्षं शांतता.

मी सेवानिवृत्त माणूस आहे, वेळ आहे, म्हणून असले उद्योग जमतात.

मागावरची_बाई · रविवार, दुपारी १:४४

काका, तुमच्या खात्यातले लोक तुम्हाला निरोप समारंभाला काय म्हणाले असतील ते ऐकायला आवडलं असतं. 😄

मोडी_मास्तर · रविवार, सायंकाळी ५:१०

तरुण मंडळींच्या खेळातलं मला फारसं उमगत नाही, नातवामुळे थोडंफार बघितलंय. पण तुम्ही जे बोलताय ते सगळं आपल्या किल्ल्यात घडून गेलेलं आहे. तेव्हा थोडं लांबण लावतो.

बेळगावचा किल्ला बहामनींनी घेतला १४७२-७३ च्या सुमारास. घेणारा महमूद गवान. तो वजीर होता, परदेशातून आलेला, आणि राज्याचा गाडा ओढणारा एकटा तोच. त्याला तवंदी यांचा प्रश्न पडला होता. लांबलांबच्या प्रांतांवरचे तरफदार फार माजले होते. त्यानं काय केलं? चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ तुकडे केले. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: एका तरफदाराच्या हातात एकच किल्ला ठेवला. त्या तरफेतले बाकीचे किल्ले सुलतानानं नेमलेल्या किल्लेदारांकडे. म्हणजे बंड करायचं म्हटलं तरी पळून जायला दुसरी भिंत नाही.

उपाय चोख होता. पण ज्यांचे किल्ले गेले ते काय गप्प बसणार? त्यांनी गवानच्या शिक्क्याची राखण करणाऱ्याला फोडलं, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र तयार केलं. सुलतान तिसरा महंमदशहा. त्यानं चौकशी न करता १४८१ मध्ये गवानचं डोकं उडवलं. वर्षभरात सुलतानही गेला. दहा वर्षं उलटायच्या आत विजापूरचा युसूफ आदिलखान स्वतंत्र झाला, अहमदनगर गेलं, आणि राज्याचे तुकडे पडत गेले.

तेव्हा फितुराची भीती बाळगणं ठीक. पण सुलतानानं मारला तो नेमका फितूर नसलेला माणूस होता, आणि खरे फितूर ते बघत उभे होते.

हॉस्टेल_रूम_बारा · रविवार, सायंकाळी ५:२६

मास्तर 🙏 एका सरदाराला एकच किल्ला, हे गेममध्ये आजच करतो.

संकेश्वरी_मिरची · रविवार, सायंकाळी ५:४०

मास्तर, त्याच किल्ल्यातल्या असदखानाचं पण सांगा की.

मोडी_मास्तर · रविवार, सायंकाळी ६:१५

असदखान लारी हा आदिलशाहीतला बेळगावचा सुभेदार. किल्ल्यातली सफा मशीद त्याचीच, १५१९ ची. इब्राहिम आदिलशहाच्या कानाला लागणाऱ्यांनी त्याच्याबद्दल वारंवार संशय भरवला. तो मात्र १५४९ मध्ये मरेपर्यंत बेळगाव धरून राहिला. कॅम्पातला दर्गा त्याचाच. जुना_कॅम्प यांच्या घरापासून चालत जाता येईल.

जुना_कॅम्प · रविवार, सायंकाळी ६:२२

रोज सकाळी फिरायला त्याच बाजूनं जातो. लॉयल्टी दहा, राजाचा विश्वास शून्य. असे लोक खात्यात मीही पाहिलेत.

तवंदीघाट · रविवार, रात्री ८:००

मास्तरांचं वाचून वाटलं, आपलं बेळगाव म्हणजेच गेममधलं ते शहर आहे ज्याच्या पानावर 'राजधानीपासून अंतर' समोर कायम लाल आकडा असतो. कल्याणी, देवगिरी, बिदर, विजापूर, पुणे, मग मुंबई इलाखा. प्रत्येकाच्या नकाशात आपण कडेला. एकदाही राजधानी नाही.

मोडी_मास्तर · रविवार, रात्री ८:२०

एकदा आहे. रट्ट. मुळात सौंदत्तीचे मांडलिक. आधी राष्ट्रकूटांचे, मग कल्याणीच्या चालुक्यांचे. चालुक्यांचं बळ ओसरलं तसे ते स्वतंत्र झाले आणि राजधानी वेणुग्रामला आणली. वेणुग्राम म्हणजे आपलं बेळगाव. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्यानं बांधलेली. तिच्या छताचं दगडी कमळ बघितलं नसेल तर बघून या. पुढे देवगिरीच्या यादवांनी रट्टांना बुडवलं.

म्हणजे बेळगाव राजधानी झालं ते एका मांडलिकाच्या बंडामुळे. मागावरची_बाई कल्याणीच्या बाजूनं खेळतात, त्यांनी आमच्याकडे लक्ष ठेवावं.

मागावरची_बाई · रविवार, रात्री ८:३१

ठेवते! आणि मास्तर, चालुक्यांना बाहेरच्या मांडलिकांची गरजच नव्हती. सहाव्या विक्रमादित्यानं १०७६ मध्ये सख्ख्या थोरल्या भावालाच गादीवरून काढलं. माझ्या डावातही भावाचंच झालं. मांडलिकांना सांभाळत बसले आणि घरातल्याला विसरले.

खानापुरी_करवंद · रविवार, रात्री ८:४०

आता परत हिवाळ्यात थोडे दिवस राजधानी हिकडंच येतेय की. अंतराचा दंड तेवढ्यापुरता माफ म्हणायचा काय? 😜

कुंदा_पाव_किलो · रविवार, रात्री ८:४२

तेव्हा हॉटेलात खोली मिळत नाही, हा दंड वेगळा. बाकी करवंदा, यावर बोलायचं तर मग सगळंच

संचालक · रविवार, रात्री ८:५०

गाडी इथंच थांबवा. सीमेच्या विषयाला वेगळे धागे आहेत आणि ते सगळे कुलूपबंद आहेत, का ते सगळ्यांना माहीत आहे. फर्नांडोकडे या.

मार्कंडेय_काठ · रविवार, रात्री ९:१०

फर्नांडोवरून आठवलं. मिडीव्हल टूमध्ये व्हॅलेन्सियात एल सिड असतो ना, सुरुवातीपासून बंडखोर म्हणून? त्याला पैसे देऊन फोडता येतं. तो मूळचा कॅस्टीलच्या राजाचा सरदार. राजानं हाकलल्यावर सारागोसाच्या मुसलमान अमिराकडे चाकरीला राहिला, लढाया मारल्या, आणि १०९४ मध्ये स्वतःच व्हॅलेन्सिया घेऊन बसला. (गेम १०८० ला सुरू होतो आणि तो तिथं आधीच बसलाय, हा गेमवाल्यांचा आगाऊपणा.) मला तो बघितला की दर वेळी नेताजी पालकर आठवतो.

संकेश्वरी_मिरची · रविवार, रात्री ९:२५

बरोबर. पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर पोचला नाही म्हणून १६६६ मध्ये महाराजांनी काढलं, तो विजापूरकरांकडे गेला, तिथून मोगलांकडे, तिथं धर्म बदलून मुहम्मद कुलीखान झाला. आणि १६७६ मध्ये परत आला! महाराजांनी त्याला परत घेतलं. हे कुठल्या गेममध्ये करता येतं? गेलेला सरदार दहा वर्षांनी दारात उभा राहतो आणि तुम्ही दार उघडता. मला तरी एकाही गेममध्ये असं बटण दिसलेलं नाही.

जुना_कॅम्प · रविवार, रात्री ९:४०

आणि प्रतापराव गुजरांचा आकडा काय लावणार? १६७३ ला उमराणीजवळ बहलोलखानाला कोंडला आणि दया दाखवून सोडून दिला. महाराज संतापले. पुढच्या फेब्रुवारीत नेसरीला सहा स्वार घेऊन त्याच बहलोलखानाच्या फौजेत घुसले आणि सातही जण गेले. नेसरी इथून गाडीनं किती लांब? त्यांची लॉयल्टी दहापैकी दहा. पण राजाचं ऐकलं दोन्ही वेळा नाही. आधी सोडायचं नव्हतं तेव्हा सोडलं, मग मरायचं नव्हतं तेव्हा मेले.

गेममध्ये इमान आणि आज्ञापालन एकाच आकड्यात कोंबलेलं असतं. माझी मुख्य तक्रार ती आहे.

मागावरची_बाई · रविवार, रात्री ९:५८

काका, हे फार खरं लिहिलंत.

आणि दोन इमानी माणसांचं एकमेकांशी पटत नाही, त्याचं काय? संताजी आणि धनाजी. दोघंही औरंगजेबाला नको जीव करणारे. पण राजाराम महाराजांपुढं दोघांचं जुळेना, संताजींचं सेनापतीपद गेलं, १६९७ मध्ये नागोजी मान्यानं त्यांना मारलं. फितुरी कुणाचीच नव्हती, तरी राज्याचा सगळ्यात भारी सेनापती गेला. निपाणीहून कापशीला जाताना प्रत्येक वेळी हे मनात येतं. क्रुसेडर किंग्जमध्ये निदान शत्रुत्व दिसतं तरी. मिडीव्हलमध्ये सगळे सरदार एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

हॉस्टेल_रूम_बारा · रविवार, रात्री १०:१५

मग मोगल वतनं दाखवून सरदार ओढत होते तेव्हा आपल्याकडे काय केलं? पगार वाढवला?

मोडी_मास्तर · रविवार, रात्री १०:४०

पगाराला खजिन्यात होतं काय? राजाराम महाराज जिंजीला, मुलूख औरंगजेबाच्या घोड्यांखाली. सरदारांना सांगितलं, जिंकाल तो मुलूख तुम्हाला सरंजाम. थोरल्या महाराजांनी होईल तितकं रोख पगारावर चालवलं होतं, ते मागे पडलं. राज्य वाचलं त्यानं. पण पुढे सरदार गावोगाव पक्के झाले ते झालेच. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे लिहून ठेवलंय, की वतनदार म्हणजे राज्याचे दायाद. भाऊबंद, वाटेकरी.

तेव्हा मागावरच्या_बाई म्हणतात तसं द्यावं जरूर, पण जमीन दिली की परत येत नाही. पद द्यावं, मान द्यावा, मुलगी द्यावी.

मागावरची_बाई · रविवार, रात्री १०:४४

मुलगी परत येते का मास्तर?

मोडी_मास्तर · रविवार, रात्री १०:५१

शब्द मागे घेतो.

खानापुरी_करवंद · रविवार, रात्री १०:५३

🤣🤣 मास्तरांची लॉयल्टी दोनवर आली.

बसमधला_राजा · सोमवार, सकाळी ८:३५

नवीन सभासद. बेळगाव-कोल्हापूर रोजचा प्रवास, मोबाईलवर मिडीव्हल टू खेळतो (२०२२ पासून मोबाईलवर आहे, तवंदी, लॅपटॉप गेला तरी चिंता नाही). सगळा धागा हत्तरगीपासून घाटापर्यंत वाचून काढला.

गावठी युक्ती सांगतो. राजाला राजधानीत बसवायचाच नाही. फौजेबरोबर फिरवायचा, सोप्या लढाया त्याच्या नावावर लावायच्या. युवराजालाही तेच. म्हणजे म्हातारा गेला की पोराची ऑथॉरिटी आधीच तयार असते. दुसरं, राजकन्या मोठी झाली की परदेशी राजपुत्र शोधत नकाशाभर फिरवत बसू नका. घरातल्याच शूर सरदाराला द्या. तो घराण्यात येतो. फर्नांडोला दिली असती तर आज हा धागा निघालाच नसता.

तिसरं, दत्तकाची विचारणा येते तेव्हा लोक फक्त कमांडचे तारे बघून हो म्हणतात. लॉयल्टी बघा.

(बस तवंदी घाटात आहे, नेटवर्क गेलं तर पुढचं उद्या.)

संकेश्वरी_मिरची · सोमवार, सकाळी ९:०२

स्वागत! धाग्याच्या मालकाच्या घाटातूनच आलात की.

शहरांसाठी एक राहिलं. पोर्तुगालनं आफ्रिकेत पाय ठेवला की राजधानी लिस्बनहून दक्षिणेला, कोर्डोबाकडे वगैरे हलवा. शहराच्या तपशिलात बटण आहे. अंतराचा दंड सगळ्यांना थोडाथोडा वाटला जातो.

कुंदा_पाव_किलो · सोमवार, सकाळी ९:१०

तुघलकानं हेच केलं होतं, मिरची. दिल्लीहून देवगिरी. बटण नव्हतं बिचाऱ्याकडे, माणसं चालवली.

तवंदीघाट · सोमवार, रात्री ११:२०

आलो. दिवसभर काम, संध्याकाळी दोन तास लाईट नव्हती, आत्ता बसलो.

काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा सगळ्या सरदारांचे स्क्रोल उघडून वहीत लिहून काढले. सतरा सरदार. चौघं तीनच्या खाली. त्यातल्या दोघांच्या फौजा काढून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं. एक बार्सेलोनात होता, दिसायला बरा, तरुण. त्याला राजकन्या दिली. चौथ्याला करवंदांच्या शाळेत पाठवला, म्हणजे मूर लोकांच्या अंगावर एकटा. मेला. वाईट वाटलं, खरं सांगतो.

राजाला जहाजात घातलं आणि स्वतः अल्जियर्सला नेलं. फर्नांडोनं दार बंद केलं होतं. वेढा घातला, तटाला शिड्या लावल्या. आत माझ्याच वीस पलटणी, मीच पैसे मोजून उभ्या केलेल्या, माझ्याच अंगावर बाण सोडतायत. निम्मी फौज गेली. फर्नांडो चौकात शेवटपर्यंत लढला. कमांड आठ उगीच नव्हती. राजाची ऑथॉरिटी मात्र वाढली.

बायको मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "हाच का तो ऑफिसातला?"

आता अल्जियर्सवर बार्सेलोनाच्या जावयाला बसवलाय. लॉयल्टी सहा. आजूबाजूचे किल्लेही तोच बघतो, तीन आहेत. मास्तरांचं वाचलंय, म्हणून त्यातला एक काढून घेतो.

मोडी_मास्तर · सोमवार, रात्री ११:४१

दोन काढा.